दोन सेंट वरचा पंचम

जर्सी सिटी, १२ मार्च १९८५

सुलेखाताई,

नमस्कार पाठवते आहे. स्वीकारायचा नसेल तर त्याच पाकिटातून परत पाठव. एकोणीस वर्षांत तुझ्याकडून तेवढं तरी येईल.

आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. परदेशातून जाड पाकीट आलं की आपल्याकडे आधी डोळे पुसतात आणि मग ते फोडतात. हेमचंद्र ठणठणीत आहेत, रोज मॅनहॅटनला जाऊन पुलांच्या नटबोल्टांची विचारपूस करतात. सीमा पंधरा वर्षांची झाली आणि माझ्याशी मुख्यतः दार आपटून बोलते. मी दातांच्या एका डॉक्टरकडे फोन उचलते. माझं इंग्रजी ऐकून निम्म्या लोकांचं दुखणं थांबतं, उरलेले अपॉइंटमेंट घेतात.

लिहिण्याचं कारण म्हणजे एक चांगली बातमी आहे. माझ्यासाठी चांगली, तुझ्यासाठी कशी ते तू ठरव.

मी अजून रोज सकाळी साडेपाचला अण्णांचा तंबोरा घेऊन बसते. गात नाही. गाणारी तू आणि मागे बसणारी मी, अशी अण्णांनी घरात वाटणी करून दिली होती, आणि ती मी समुद्र ओलांडूनही मोडलेली नाही. इथल्या हीटरच्या कोरड्या हवेने तारा रडतात, म्हणून खोलीत पाण्याचं पातेलं ठेवते. जवारी घुमावी म्हणून घोडीवर तारेखाली सरकवायला दोरा मिळत नाही. आधी आमच्या डॉक्टरांचा दात कोरायचा दोरा लावून पाहिला, त्याला मेण असतं, आवाज मुका झाला. शेवटी टी-बॅगचा दोरा सापडला. अण्णा असते तर त्यांनी आधी शिव्या घातल्या असत्या आणि मग कान लावून मान हलवली असती.

तर, आमच्या खालच्या मजल्यावर जानेवारीत दोन जर्मन राहायला आले. बरोबर तारांची भेंडोळी आणि पट्ट्या असलेल्या पेट्या. महिनाभराने इमारतीची देखभाल बघणारा सुपर हातात मीटर घेऊन दारात उभा.

"लेडी, तुमच्याकडून कसला तरी हम येतोय. फ्रीज जुना आहे का?"

मी म्हटलं, फ्रीज नवा आहे, नवरा जुना आहे, पण तो इतका सुरात नाही. त्याच्या मागे सहा फुटी माणूस उभा होता, डोळे लाल, हातात स्क्रूड्रायव्हर. त्याचं नाव ब्रुन्के. नऊ दिवस रोज पहाटे त्याला आपल्या यंत्रांत गुणगुण ऐकू यायची. अमेरिकेतली वीजच अशी घुमते असं समजून त्याने सगळ्या पेट्या एकेक करून उघडल्या होत्या. गुणगुण सव्वासहाला आपोआप थांबायची आणि तो वेडा व्हायचा. माझ्या मागे भिंतीला टेकलेला तंबोरा त्याला दिसला.

"इट इज यू," तो म्हणाला. पोलिसांनी चोर पकडल्यावर म्हणावं तसं.

संध्याकाळी तो आणि त्याचा जोडीदार ओल्सन, पन्नाशीचा, दोघे वर आले. न सांगता बूट बाहेर काढले, म्हणून मी चहात वेलची टाकली. मी वाजवलं. दहा मिनिटांनी ब्रुन्के म्हणाला, "तारा चार आहेत. मला पाचवा आवाज कसा ऐकू येतो?"

ताई, पहिल्या बैठकीत गंधार ऐकू आला त्याला! अण्णांच्या किती शिष्यांना तो जन्मभर ऐकू आला नव्हता, आणि ते मान मात्र सगळ्यात जास्त डोलवायचे.

हे दोघे यंत्रांवर संगीत करतात. त्यांच्या चार रेकॉर्डी निघाल्या आहेत, तिकडे नाव आहे. पाचवी इथे होबोकनच्या एका स्टुडिओत करायला आलेत. तिचं नाव 'डाउअरटोन', म्हणजे न थांबणारा सूर. दुसऱ्या बाजूसाठी त्यांना असा सूर हवा होता जो यंत्राचा वाटणार नाही. तो वरच्या मजल्यावर आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, इतकंच. मला बोलावलंय.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: 'माझ्या रेडिओच्या ऑडिशनला मिनूने तंबोरा उतरू दिला, म्हणून मी बेसूर झाले.' सासष्ट सालापासून हे तू भेटेल त्याला सांगत आलीस आणि भेटेल तो मनातल्या मनात हसत आला. अण्णांनी ऑडिशन संपल्याबरोबर स्वतः तंबोरा छेडून पाहिला होता. लागलेला होता. चौघांच्या देखत. त्यावर तू काय बोलणार?

आणि ऐक, त्या दोघा जर्मनांनी एकदाही विचारलं नाही की गाणार कोण.

मृणालिनी


५ एप्रिल १९८५

ताई,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

तुला आनंद होईल असं काहीतरी घडलंय, तेव्हा बसून वाच. काल मला बेसूर ठरवण्यात आलं. दुसऱ्यांदा. या वेळी यंत्राने.

स्टुडिओ म्हणजे जुनं गोदाम आहे, आत काचेची खोली. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची ठेवली होती. ती मी बाजूला करून सतरंजी घातली. तंबोरा काळी पाचमध्ये लावला, वीस मिनिटं घेतली. काचेपलीकडे ब्रुन्केकडे एक यंत्र असतं. त्यात दिव्याचे पट्टे फिरतात. स्वर बरोबर असेल तर पट्टे स्तब्ध राहतात, चढा असला तर उजवीकडे सरकतात, उतरला तर डावीकडे. खर्ज छेडला, स्तब्ध. जोड छेडली, स्तब्ध. पंचम छेडला, तर पट्टे निघाले उजवीकडे, सावकाश, लग्नाच्या वरातीसारखे.

"पंचम वर आहे. दोन सेंट." सेंट म्हणजे पैसे नव्हेत. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग करायचे, त्यातले दोन.

मी म्हटलं, पंचम बरोबर आहे.

"यंत्र म्हणतं, वर आहे."

"मग यंत्राला आत बोलवा, वाजवू दे तंबोरा."

त्याने स्वतःच्या पेटीतून षड्ज-पंचम सोडले आणि मला त्यावर वाजवायला सांगितलं. ताई, मी वाजवलं. दोन्ही मिळून आवाज हेलकावत होता. दर चार-पाच सेकंदांनी फुगायचा, ओसरायचा. लाट येत होती. मी कान बंद केले तरी पोटात कळत होती. ब्रुन्के नम्र आहे, तो म्हणाला, हरकत नाही, थोडा खाली घ्या. मी मणी सरकवून पंचम खाली घेतला. पट्टे थांबले. लाटही गेली. आणि माझा गंधार मेला. तंबोरा नुसता चार तारांचा झाला, जशी दुकानात टांगलेली वस्तू.

मी तंबोरा गवसणीत घातला आणि घरी आले.

हेमचंद्र म्हणाले, "अगं, मशीनला काय पडलंय तुझ्याशी भांडायचं?"

सीमा म्हणाली, "आई, इट्स अ मशीन. इट डझन्ट हॅव ओपिनियन्स."

दोघांचं बरोबर आहे. यंत्राला ना मोठी बहीण असते ना धाकटी. ते खोटं कशाला बोलेल?

उद्यापर्यंत विचार करून सांगा, असं ओल्सनने कळवलंय. मी यंत्राप्रमाणे लावला तर दुसरी बाजू माझी. नाही तर ते माझा सूर यंत्रातून तयार करतील, त्यांना ते जमतं. मला काय जमतं हा प्रश्न आहे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला एकच गोष्ट येते, आणि ती म्हणजे पंचम कुठे आहे हे कळणं. तेही येत नसेल तर मी दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलणारी बाई आहे, बस.

आरोप मला नवा नाही. फक्त मागच्या वेळी

ते राहू दे. झोपते.

मृ.


९ एप्रिल १९८५

ताई!

जिंकले. आधी एवढं वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

सहा तारखेला मी स्टुडिओत गेले ते तंबोरा न घेता. ब्रुन्केला वाटलं, नकार द्यायला आले. मी म्हटलं, "तंबोरा घरी आहे. आता तुमच्या पेटीचे तेच दोन स्वर दाबा. षड्ज आणि पंचम. दाबून धरा. आणि ते फिरते दिवे बंद करा, डोळ्यांना कान नसतात."

त्याने दाबले. आम्ही तिघे काचेच्या खोलीत उभे. पाच सेकंद, दहा सेकंद.

लाट होती.

माझा तंबोरा होबोकनपासून दोन मैलांवर भिंतीला टेकून उभा होता, आणि लाट तिथेच होती, पेटीच्या पोटात! फुगत होती, ओसरत होती.  अण्णा म्हणायचे की दुसऱ्याची चूक त्याला स्वतःला ऐकू येईपर्यंत थांबायचं, आणि त्यांना स्वतःला ते कधी जमलं नाही. मला जमलं. मी शंभर आकडे मोजले.

ओल्सन हळूच भिंतीला टेकून बसला. त्याचा बाप ल्युबेकच्या बाजूला चर्चमधले मोठे ऑर्गन सुरात लावायचा. हा लहानपणी बापाबरोबर पाइपांमध्ये सरपटायचा आणि बाप खालून ओरडायचा, लाट थांबली का बघ. लाट थांबली की स्वर जुळला. चाळीस वर्षांत हे तो विसरला होता, कारण त्याच्या पेट्या कारखान्यातूनच लावून येतात. पियानोला सगळ्या पट्ट्यांमध्ये वाजता यावं म्हणून प्रत्येक स्वर थोडाथोडा खोटा केलेला असतो. सगळ्यांशी गोड राहायचं तर प्रत्येकाशी थोडं खोटं बोलावं लागतं, मराठी मंडळाच्या सेक्रेटरीसारखं. तंबोऱ्याला एकाच षड्जाशी संसार करायचा असतो, त्याला ही लबाडी लागत नाही.

"यंत्र बरोबर आहे," ओल्सन म्हणाला, "पण ते पियानोचं बरोबर आहे. फ्राउ खांबेटे, तुम्ही खरं सांगत होतात."

मी म्हटलं, "परत म्हणा." म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला लावणार होते, पण बाईने थांबावं कुठे हेही कळायला हवं.

मग मी घरी जाऊन तंबोरा आणला, आणि ताई, त्यांनी आपल्या सगळ्या पेट्या माझ्या पंचमाला लावल्या. सहा तास लागले. मी सतरंजीवर बसून छेडत होते आणि ते दोघे एकेका यंत्राचा कान पिळत होते, "वर? अजून? आता?" आणि मी मान हलवत होते, नुसती मान. शेवटची पेटी लागली तेव्हा ब्रुन्केने सगळ्यांचे आवाज एकदम उघडले, आणि कुणीही न वाजवलेला गंधार छतापाशी उभा राहिला. गोदाम केवढं मोठं आहे तुला कल्पना नाही. भरून गेलं.

ब्रुन्केने त्या फिरत्या दिव्यांच्या यंत्रावर आपलं जाकीट टाकलं.

सीमाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स सो कूल. डोन्ट टेल एनीवन आय सेड दॅट." तुला सांगते आहे, कारण तू कुणाला सांगणार नाहीस. तुझं आता कुणी ऐकतही नाही.

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे, शाई महाग नाही पण पत्र घाणेरडं दिसतं.

मिनू


२० जून १९८५

ताई,

बाजू पूर्ण झाली. बावीस मिनिटं, मध्ये कुठेही न तोडता. पण त्याआधी जे झालं ते ऐक.

मेच्या अखेरीस हॅम्बुर्गहून रेकॉर्डच्या पाकिटाचा नमुना आला. मागच्या बाजूला यादी होती. त्या दोघांच्या रेकॉर्डवर माणसांची नावं फारशी नसतात, यंत्रांची असतात, मॉडेल नंबरासकट. ही कंपनीची पेटी, अमुक मॉडेल, तमुक साल. आणि शेवटी, बारीक अक्षरात: 'भारतीय तंतुवाद्य'.

मी विचारलं, "हे वाजवलं कुणी? वाऱ्याने?"

ब्रुन्के लाल झाला. कंपनीचं म्हणणं होतं की ऐकणाऱ्यांना सगळं यंत्रांचं आहे हे आवडतं, माणूस दिसला की त्यांचा विरस होतो.

तुला आठवतात अण्णांची हस्तपत्रकं? वर अण्णांचं नाव, मधे तुझं, तबलजीचं, पेटीवाल्याचं, खाली सतरंज्या आणि माइक देणाऱ्या मंडपवाल्याचं सौजन्य. मंडपवाल्याचं! तंबोऱ्यावर कोण, ते कधीच नाही. मी एकदा अण्णांना विचारलं, तर ते खरंच चकित झाले. "अगं, तू घरचीच ना?" आणि ऑडिशनचा अर्ज आला तेव्हा मी म्हटलं होतं, मीही देऊ का? तर म्हणाले, "दोघी गायला बसलात तर तंबोरा कोण धरणार?" तू तिथेच होतीस.  केसांना रिबीन बांधत होतीस, निळी.

असो. ब्रुन्केला मी सांगितलं, "नाव नाही तर तंबोरा नाही." तेव्हा बाजूची तालीम झाली होती, अंतिम रेकॉर्डिंग व्हायचं होतं. आणि मी घरीही वाजवणं बंद केलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. साडेपाचला उठायचं, चहा प्यायचा, भिंतीकडे बघायचं. हेमचंद्र म्हणाले, "संप आहे का?" मी म्हटलं, हो, आणि पोळ्यांपर्यंत येऊ शकतो.

गुरुवारी सकाळी सहाला दार वाजलं. ब्रुन्के, पायजम्यात.

"खाली फार शांत आहे," तो म्हणाला. "आम्हाला झोप लागत नाही."

जो माणूस माझ्या गुणगुणीने वेडा व्हायला आला होता तो आता तिच्यावाचून झोपत नव्हता. मी त्याला आत घेतलं आणि तोडगा सांगितला. "तुमच्या यादीत माणूस चालत नाही ना? मग मलाही मॉडेल नंबर द्या. मृणालिनी खांबेटे, मिरज, १९४४."

तो आधी हसला, मग हसायचा थांबला, मग खाली जाऊन त्याने हॅम्बुर्गला फोन लावला. काय बोलला कळलं नाही, जर्मन होतं. पण आमच्या फरशीतून ऐकू येईल इतकं जोरात होतं.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग. चौदाव्या मिनिटाला मधल्या बोटाची कातडी फाटली. एसीची हवा कोरडी, तार पोलादाची. थांबले नाही. ओल्सन पलीकडून माझ्या छेडण्याबरोबर एकच बटण इतकं सावकाश फिरवत होता की मला दिसतही नव्हतं. बाविसाव्या मिनिटाला त्याने हात वर केला आणि मी शेवटचा खर्ज सोडला. तो विरायला किती वेळ लागला माहीत नाही. कुणी मोजला नाही.

मिनू


२४ नोव्हेंबर १९८५

ताई,

रेकॉर्ड आली. माझं नाव कुठे आहे सांगू? पेट्यांच्या यादीत, दोन यंत्रांच्या मधोमध, त्यांच्याइतक्याच ठळक अक्षरात. माझ्या वरचं यंत्र माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहे आणि दोनदा बिघडलं होतं.

इथल्या एका कॉलेज रेडिओने अख्खी दुसरी बाजू सलग लावली. लोकांनी फोन करून विचारलं, परत कधी लावणार. मॅनहॅटनच्या एका दुकानात काचेत दर्शनी ठेवली होती. मी पाहात उभी, तर हिरव्या केसांचा विक्रेता बाहेर आला. मी पाकिटावर बोट ठेवून म्हटलं, ही मी. त्याने एकदा माझ्या साडीकडे, एकदा यादीकडे पाहिलं.

"यू आर मिरज नाइन्टीन फोर्टी-फोर?"

दुकानातल्या सगळ्या प्रतींवर त्याने माझी सही घेतली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. खोळंबू देत, मी दहा-बारा वर्षं मैफलींमध्ये मागे खोळंबले आहे.

मग आपल्या लोकांपर्यंत बातमी गेली. मराठी मंडळाच्या सेक्रेटरी रेखाताईंचा फोन. "मृणालिनी, दिवाळीला तुझा आयटम ठेवलाय हं. सात मिनिटांत बसव, नंतर मुलांचा फॅन्सी ड्रेस आहे. आणि गाणार कोण?"

"कोणी नाही."

"मग आपण काय ऐकायचं?"

"तंबोरा."

"तो कळला गं, पण त्याच्यावर काय?"

मी बावीस मिनिटं घेतली. मुलं वाघ आणि शिवाजी होऊन विंगेत ताटकळली. पहिल्या रांगेत भूलतज्ज्ञ डॉक्टर कुमार घोरू लागले, आणि त्यांच्या बायकोने नंतर माझे हात धरले: वीस वर्षांत पहिल्यांदा गोळी न घेता झोपले म्हणे. मागच्या रांगेत मात्र एक म्हातारे गृहस्थ होते, हर्नडन गावाहून मुलाकडे आलेले. कार्यक्रम संपल्यावर जवळ आले, नाव सांगितलं नाही, "गंधार ऐकला," म्हणाले, आणि जेवणाच्या रांगेत गेले. मला त्या दिवशी भूकच लागली नाही, लागण्याची गरजही नव्हती.

आमच्या इमारतीतला रवी लग्नासाठी सांगलीला चाललाय. त्याच्याबरोबर रेकॉर्ड पाठवते आहे. तुझ्या शाळेत ग्रामोफोन असेल. पहिली बाजू ऐकलीस तरी चालेल, नाही ऐकलीस तरी चालेल. दुसरी ऐक.

ऐकून काय वाटलं ते लिहायलाच हवं असं नाही.

लिही.

मिनू


१६ फेब्रुवारी १९८६

ताई,

तुझं पत्र काल आलं. खाली टपालाच्या पेट्यांपाशी उभ्यानेच फोडलं. सहा ओळी. एकोणीस वर्षांनंतर सहा ओळी, आणि त्यातल्या तीन पहिल्या बाजूला शिव्या: 'पहिली बाजू पिठाच्या गिरणीसारखी आहे. मुली हसल्या. मीही हसले.' मग: 'दुसरी बाजू शाळा सुटल्यावर एकटीने ऐकली. दोनदा. तंबोरा लागला आहे. सुलेखा.'

तंबोरा लागला आहे.

ताई, कॉलेजच्या रेडिओने काय म्हटलं, हिरव्या केसांच्या मुलाने काय म्हटलं, हे मी तुला चार पानं लिहून कळवलं होतं. ते सगळं या तीन शब्दांपुढे पाणी भरतं. अण्णांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात दोनदा ऐकलं, तेही दुसऱ्यांबद्दल. तुझा कान अण्णांपेक्षा तिखट. तू म्हणालीस, म्हणजे लागला आहे. मी लिफ्ट सोडून सात मजले जिने चढले. हेमचंद्र घरी आले तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते आणि आमटी उतू गेली होती. "काय झालं?" मी पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं, उलटून पाहिलं, म्हणाले, "एवढंच?" इंजिनियर आहेत, त्यांना काय सांगणार.

मी जिंकले, ताई. यंत्राशी, कंपनीशी, आणि काल तुझ्याशी. इतकी पुरी जिंकले की आता लपवण्यासारखं काही जवळ ठेवायची गरज उरली नाही.

तुझ्या ऑडिशनला सातव्या मिनिटाला पंचम उतरला होता.

स्टुडिओची गार हवा, खुंटी सैल पडली. मला लगेच कळलं, तुझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. मणी बोटाखालीच होता. एवढासा सरकवायचा, तुला कळलंही नसतं. मी सरकवला नाही. तुझ्या वेणीतली निळी रिबीन माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मी मनात म्हणत होते, आता कळू दे घरचीवाचून काय होतं ते. दोन मिनिटं. तू तंबोऱ्यावर कान ठेवून गात होतीस, अण्णांनी शिकवलं तसं, मनापासून. म्हणून तू त्याच्याबरोबर उतरलीस. कानाची कच्ची असतीस तर वाचली असतीस. तुझा गळा चुकला नाही, तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

मग लाल दिवा विझला. अण्णा दार ढकलून आत येईपर्यंत मी अंगठ्याने मणी जागेवर नेला होता. त्यांनी छेडला तेव्हा तो लागलेला होता. ते मी तुला आणि सगळ्यांना इतकी वर्षं सांगत आले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढं मोठं खोटं बोलायला एक अक्षर खोटं लागलं नाही.

तू ओरडलीस, 'तंबोरा उतरला होता!' आणि अण्णांनी तुझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला ठाऊक आहे. नंदूकाका, अण्णांचे थोरले शिष्य, बाहेरच्या बाकावर पान लावत बसले होते. ते म्हणाले, "पोरगी उतरली, आणि वाद्यावर ढकलते." ते वाक्य गावात फिरलं. तू परत ऑडिशन दिली नाहीस. मुलींच्या शाळेत प्रार्थना बसवत राहिलीस. मी लग्न करून इकडे आले आणि रोज पहाटे साडेपाचला पंचम लावत राहिले. वीस वर्षं. लोकांना वाटतं रियाज आहे.

मागच्या एप्रिलमध्ये यंत्राने मला खोटी ठरवलं त्या रात्री पहिल्यांदा कळलं की खरं बोलत असताना कुणी न मानणं म्हणजे काय. मी ती एक रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिताना अर्ध्या वाक्यात थांबले. तू किती रात्री काढल्यास ते मी मोजलं नाही, मोजणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायची तर मिरजेच्या घरात समोर बसून, आणि तू म्हणशील ते ऐकून. मेमध्ये येते आहे, तिकीट काढलंय. सीमाही येते म्हणते. तिला तिची मावशी बघायची आहे, "द वन विथ द इयर्स." तोवर रागाव, भरपूर रागाव, या रागाला आता पुरावा आहे.

तो पुरावा म्हणजे हे पत्र. पेटीत ठेवू नकोस. नंदूकाका अजून आहेत, रवी सांगत होता, रोज संध्याकाळी कट्ट्यावर दहा-बारा जणांत बसतात. त्यांच्यासमोर उभी राहा आणि हे शेवटचं पान वाच. त्यांना आता कमी ऐकू येतं म्हणे, तेव्हा ओरडून वाच. अख्खा कट्टा ऐकेल. ऐकू दे.

मिनू